संशोधन अनुदान : आधी काय आणि नंतर काय

यूजीसीच्या लघुसंशोधन प्रकल्पाची जाहिरात यंदा कधी येणार? सर्वेक्षण पूर्ण झाले आहे, आता नैतिक समितीचे पत्र कसे मिळवायचे? केअर यादी बंद झाली, मग माझा पेपर ‘कॅस’ला धरतील का? परिषदेच्या परदेशी पाहुण्यांचे तिकीट काढून झाले, त्यांना व्हिसा कोणता घ्यायला सांगू?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठाच्या संशोधन कक्षाने प्राध्यापकांसाठी मार्गदर्शन ठेवले, की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणारे कामसू असतात, विषयात तयार असतात. त्यांची अडचण बहुतेक वेळा एकच असते : जे आधी करायचे ते नंतर राहिलेले असते. अनुदानाच्या कारभारात क्रम चुकला की चांगले कामही अडकते, आणि काही ठिकाणी ते मुळीच वाचवता येत नाही. म्हणून या लेखात योजनांची जंत्री देण्यापेक्षा कोणते काम कशाच्या आधी व्हायला हवे, यावर भर दिला आहे. मुख्यतः राज्य विद्यापीठांतले आणि अनुदानित महाविद्यालयांतले प्राध्यापक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे.

बंद झालेली दारे आणि उघडी दारे

ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या बायोडेटात दिसणारे यूजीसीचे लघू आणि बृहत् संशोधन प्रकल्प आता इतिहासजमा झाले आहेत. त्यांची वाट पाहू नका. २०२२ च्या शिक्षकदिनी यूजीसीने नव्या योजना जाहीर केल्या. त्यांत नव्याने रुजू झालेल्या कायम प्राध्यापकांसाठी डॉ. डी. एस. कोठारी संशोधन अनुदान आणि सेवेतल्या प्राध्यापकांसाठी वेगळे अनुदान आहे. दोन्हींची कमाल रक्कम १० लाख आणि मुदत २ वर्षे. जागा मोजक्याच असतात. त्यामुळे अर्ज जरूर करा, पण सगळी भिस्त तिथे ठेवू नका.

विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांच्या ओठांवर अजूनही ‘सर्ब’ आहे. ते मंडळ अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात, म्हणजे एएनआरएफमध्ये, विलीन झाले. त्यासाठीचा कायदा २०२३ चा आणि तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून अमलात आला. नोकरीची सुरुवातीची वर्षे असतील तर एएनआरएफचे ‘प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट’ आधी पाहा. अनुसूचित जाती-जमातींतल्या संशोधकांसाठी ‘इन्क्लुझिव्हिटी रिसर्च ग्रँट’ आहे. ‘पेअर’ ही योजना व्यक्तीसाठी नसून संस्थांच्या गटासाठी आहे. एक नामांकित संस्था केंद्रस्थानी आणि तिच्याशी जोडलेली इतर विद्यापीठे, अशी तिची रचना आहे. तुमचे विद्यापीठ अशा गटात आहे का, एवढी चौकशी कुलसचिव कार्यालयात करून ठेवा.

सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर आहे. तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील विद्यानगरी परिसरात आहे. चर्चासत्राच्या छोट्या साहाय्यासाठी थेट दिल्लीकडे डोळे लावण्यापूर्वी महाराष्ट्र-गोव्यातल्या प्राध्यापकांनी तिथे विचारावे. इतिहास आणि तत्त्वज्ञानासाठी अनुक्रमे आयसीएचआर आणि आयसीपीआर आहेत.

आणि सगळ्यांत दुर्लक्षित दार म्हणजे तुमचे स्वतःचे विद्यापीठ. बहुतेक विद्यापीठे संलग्न महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना छोटे संशोधन अनुदान देतात. रक्कम लहान असते, म्हणून अनेक जण तिकडे फिरकत नाहीत. माझे मत याच्या उलट आहे. पहिला प्रकल्प छोटाच असावा. हिशेब वेळेत देऊन पूर्ण केलेला एक छोटा प्रकल्प पुढच्या मोठ्या अर्जात तुमची बाजू मांडतो. शिवाय २०१८ च्या यूजीसी नियमावलीत १० लाखांपेक्षा कमी रकमेच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पालाही ५ गुण आहेत. १० लाखांवरच्या प्रकल्पाला १० गुण मिळतात.

तासिका तत्त्वावर असाल तर

हा मुद्दा वेगळा काढला, कारण अशा सहकाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्याशी कोणी स्पष्ट बोलत नाही. बहुतेक योजनांत मुख्य संशोधक होण्यासाठी नियमित पद लागते. ही अट पात्र माणसांवर अन्याय करते असे मला ठामपणे वाटते, पण अर्ज भरताना ती गृहीत धरावीच लागते. पीएच.डी. झाली असेल तर एएनआरएफची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आणि आयसीएसएसआरची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप यांच्या अटी पाहा. वयोमर्यादा आधी तपासा. कायम सहकाऱ्याबरोबर सह-संशोधक म्हणून अर्ज करत असाल, तर तुमचे नाव आणि कामाचा वाटा प्रस्तावातच लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर क्षेत्रकाम करू नका.

अर्ज भरण्यापूर्वी

पोर्टल उघडण्याआधी चार गोष्टी जमवा :

- महाविद्यालय यूजीसी कायद्याच्या कलम २(एफ) आणि १२(बी)खाली आहे का? त्याच्या पत्राची प्रत कार्यालयातून घ्या.
- खासगी संस्थेचे महाविद्यालय असेल तर एनजीओ दर्पण क्रमांक आणि पीएफएमएसवरची नोंदणी चालू आहे का? बंद पडलेली नोंदणी सुरू करायला वेळ लागतो, आणि हे बहुधा शेवटच्या दिवशी लक्षात येते.
- संमतिपत्रावर सही कोणाची चालते? काही योजनांना प्राचार्यांची पुरते, काहींना संस्थेच्या सचिवांचीही लागते. संस्थेच्या कार्यकारिणीची सभा रोज होत नसते.
- यंत्रसामग्रीची ताजी कोटेशन्स.

अंदाजपत्रकातली एक चूक फार महागात पडते. संशोधन उपकरणांवर विद्यापीठांना पूर्वी ५ टक्के सवलतीचा जीएसटी होता. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली. जुन्या प्रस्तावाची नक्कल करून रक्कम भरली, तर मंजूर पैशांत उपकरण बसत नाही. कोटेशन करासह घ्या. देखभाल करार आणि बसवण्याचा खर्च वेगळा विचारा. आयात करायची असेल, तर सीमाशुल्काच्या सवलतीसाठी तुमच्या संस्थेची डीएसआयआरकडे नोंदणी आहे का ते पाहा.

मनुष्यबळाच्या शीर्षाखाली कनिष्ठ संशोधन छात्राचा दर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये अधिक घरभाडे असा आहे. ‘आपल्या गावात कमी पैशांत मुलगा मिळतो’ म्हणून कमी आकडा टाकू नका. मंजूर झाल्यावर तो वाढवता येत नाही, आणि नेट झालेला उमेदवार त्या पैशांत येत नाही.

मान्यता : कामाआधी, कामानंतर नाही

सर्वेक्षणानंतर नैतिक समितीचे पत्र मिळते का, याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मागील तारखेने मान्यता देणारी समिती नियम मोडते, आणि ते पत्र तुमच्या पेपरला उपयोगी पडण्याऐवजी अडचणीत आणते. नियतकालिक मान्यतेची तारीख विचारते, आणि माहिती गोळा करण्याची तारीख तुम्हीच पेपरात लिहिलेली असते.

कोणत्या कामाला काय लागते ते पाहा :

- माणसांवरचे आरोग्यविषयक संशोधन. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. आरोग्याशी निगडित सामाजिक आणि वर्तनविषयक अभ्यासही त्यांत येतो. म्हणजे गावातल्या स्त्रियांच्या रक्तक्षयावर प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्या गृहविज्ञानाच्या प्राध्यापिकेलाही मान्यता हवी. २०१९ च्या नियमांनुसार अशी नैतिक समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते. तुमच्या महाविद्यालयात नसेल, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या समितीकडे लेखी विनंती करा.
- उपचारांची तुलना करणारे प्रयोग. आयुर्वेद, योग, फिजिओथेरपी, परिचर्या या शाखांतल्या मित्रांनी हे विशेष लक्षात घ्यावे. सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत १ एप्रिल २०१८ पासून फक्त पूर्वनोंदणी होते. पहिला रुग्ण अभ्यासात घेतल्यावर नोंदणीचे दार बंद झालेले असते, आणि मग तो अभ्यास चांगल्या नियतकालिकात छापणे जवळजवळ अशक्य होते.
- मुले. पालकांची संमती हवीच. त्याशिवाय ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलांची लेखी अनुमती लागते. शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र पालकांच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. आश्रमशाळेत काम असेल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयाशी आधी पत्रव्यवहार करा.
- प्राणी. संस्थात्मक प्राणी नैतिक समितीची मान्यता आणि सीसीएसईए या केंद्रीय समितीकडची नोंदणी.
- जनुकीय बदल केलेले जीव. संस्थेची जैवसुरक्षा समिती.
- वनस्पती, सूक्ष्मजीव, पारंपरिक ज्ञान. परदेशी सहकाऱ्याला नमुना पाठवण्याआधी जैवविविधता कायदा वाचा आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते का ते विचारा. सह्याद्रीतली एखादी वनस्पती कुरिअरने जर्मनीला पाठवणे हा साधा टपालव्यवहार नव्हे.

पेटंटचाही क्रम उलटा होतो. आधी परिषदेत शोध मांडला, पेपर छापला आणि मग पेटंटचा अर्ज केला, तर नावीन्यच संपलेले असते. कायद्यातली सवलत फार मर्यादित आहे. आधी अर्ज, मग भाषण. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंट शुल्कात ८० टक्के सूट आहे. आणि एक कळकळीची विनंती : पैसे देऊन ‘यूके डिझाइन’ची नोंद विकत घेऊन ती पेटंट म्हणून बायोडेटात लिहू नका. डिझाइनची नोंदणी आणि पेटंट या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत. पदोन्नतीच्या वेळी कोणी ती तपासली, तर तुमच्या खऱ्या कामावरही संशय येतो.

मंजुरीपत्र आल्यावर

अभिनंदनाचे फोन संपले की मंजुरीपत्र पूर्ण वाचा, जोडपत्रांसह. त्यातल्या तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या : प्रकल्पाची सुरुवात कोणत्या तारखेपासून धरली आहे, कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम आहे, आणि एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवायला परवानगी लागते का. सुरुवातीच्या तारखेआधी केलेला खर्च मान्य होत नाही, मग तो कितीही खरा असो.

केंद्राच्या अनेक योजनांत आता सगळा पैसा महाविद्यालयाच्या खात्यात आधीच येऊन पडत नाही. मर्यादा ठरवून दिली जाते आणि खर्च होईल तशी रक्कम सुटते. त्यासाठी लागणारे स्वतंत्र खाते आणि पीएफएमएसवरची जोडणी यांचे काम पत्र मिळाल्याच्या आठवड्यातच हाती घ्या. लेखापालांना सोबत घ्या. ते तुमच्या प्रकल्पाचे खरे सहकारी आहेत. प्रकल्प काय आहे हे त्यांना दहा मिनिटे बसून समजावून सांगितले, तर वर्षभराचे हेलपाटे वाचतात.

खरेदीचे नियम केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांवर चालतात. कोटेशनशिवाय किती रुपयांची खरेदी चालते आणि कुठून पुढे खरेदी समिती किंवा निविदा लागते, हे आकडे बदलत आले आहेत. म्हणून तुमच्या मंजुरीपत्राच्या वेळी लागू असलेला आकडा लेखी विचारून घ्या. जेम पोर्टलवरून खरेदी बंधनकारक आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. न बदलणाऱ्या गोष्टी अशा :

- मर्यादेत बसावी म्हणून एका खरेदीचे तुकडे करणे नियम १५७ ला धरून नाही. एकाच दुकानाची लागोपाठच्या तारखांची तीन बिले लेखापरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाहीत.
- तिन्ही कोटेशन्स, तुलनात्मक तक्ता आणि समितीच्या सह्या बिलाच्या आधीच्या तारखेच्या असाव्यात.
- उपकरण आले त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करा. नोंदीचा पान क्रमांक बिलाच्या मागे लिहा.
- अनुदानातून घेतलेले उपकरण मंजुरी देणाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता किंवा मोडीत काढता येत नाही.
- अनुदानावर मिळालेले व्याज तुमचे नाही, महाविद्यालयाचेही नाही. केंद्राच्या अनुदानावरचे व्याज हिशेब पक्के होताच परत भरायचे असते.
- मार्चमधली घाई टाळा. वर्षअखेरीस खर्चाची गर्दी करणे हाच वित्तीय शिस्तीचा भंग मानला जातो.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, १२-अ नमुन्यात द्यायचे असते. ते आर्थिक वर्षाप्रमाणे, ३१ मार्चपर्यंतचे करा. प्रकल्पाचे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू झाले म्हणून सप्टेंबर ते सप्टेंबर असा हिशेब पाठवला की तो परत येतो. नियमानुसार वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत यूसी जायला हवी, पण तेवढे थांबू नका. यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. त्याचा चटका तुम्हाला बसत नाही, तुमचा पगार चालू असतो. तो बसतो प्रकल्पावर नेमलेल्या छात्राला. दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहणाऱ्या त्या मुलाला किंवा मुलीला सहा-सहा महिने पैसे मिळत नाहीत, आणि कारण एवढेच असते की मागच्या वर्षीच्या खर्चाचा तक्ता सनदी लेखापालाकडे गेलेला नसतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात यूसी तयार करणे हे त्या छात्राप्रती तुमचे कर्तव्य आहे. नेमणूकही जाहिरात, निवड समिती आणि मुदत लिहिलेला आदेश या मार्गानेच करा. नात्यातला उमेदवार असेल तर समितीत बसू नका.

आणखी एक. शासनाचे अनुदान आणि कंपनीचे सल्लाकाम यांची गल्लत करू नका. कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना आणि प्राप्तिकराच्या कलम ३५ खाली मान्यता असलेल्या संस्थांना मिळणाऱ्या संशोधन अनुदानावर ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी नाही. कंपनीला सल्ला देऊन घेतलेल्या शुल्काला ही सूट मिळत नाही.

पेपर कुठे द्यायचा

यूजीसी-केअर यादीचा कारभार पुण्यातून, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ही यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि त्याऐवजी नियतकालिक निवडण्यासाठी सुचवलेले निकष दिले. आता पारख करण्याची जबाबदारी तुमच्यावर आणि तुमच्या संस्थेवर आहे.

यादी चालू असताना पेपर छापला असेल, तर त्या काळात नियतकालिक यादीत होते याचा पुरावा तारखेसह जपून ठेवा. नवा पेपर पाठवण्याआधी महाविद्यालयाच्या संशोधन समितीला नियतकालिकाचे नाव कळवून लेखी होकार घ्या. संपादक मंडळातल्या दोघांना ईमेल करून ते खरोखर मंडळावर आहेत का विचारा. परीक्षणाविना चार दिवसांत स्वीकृती आणि सोबत शुल्काचे बिल आले, तर तो पेपर मागे घ्या. छापून झाल्यावर मागे घेतलेल्या, म्हणजे रिट्रॅक्ट झालेल्या, पेपरांबद्दल एनआयआरएफने २०२५ पासून संस्थांचे गुण कापायला सुरुवात केली आहे.

साधर्म्य तपासणीबाबत गैरसमज फार आहेत. २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. त्यापुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० वर असे तीन स्तर आहेत. संदर्भसूची, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे मोजणीतून वगळायची असतात. तुमच्या अहवालात ती वगळली नसतील तर पुन्हा तपासणी मागा. दुसऱ्या स्तरावर पेपर मागे घ्यावा लागतोच, शिवाय एक वेतनवाढ थांबते आणि दोन वर्षे मार्गदर्शक म्हणून काम करता येत नाही. पण हे ठरवण्याआधी विभागाच्या समितीने, मग संस्थेच्या समितीने तुमचे म्हणणे ऐकायला हवे. केवळ सॉफ्टवेअरचा आकडा दाखवून कोणी शिक्षा देऊ शकत नाही.

परिषद भरवताना

‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द पत्रिकेवर छापण्याआधी थांबा. प्रत्यक्ष येणाऱ्या परदेशी वक्त्याला पर्यटक व्हिसा चालत नाही, परिषद व्हिसा लागतो. त्यासाठी गृह मंत्रालयाची कार्यक्रमाला आणि परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मान्यता मागतात. म्हणून क्रम असा ठेवा : विषय आणि तारीख, प्राचार्यांची व संस्थेची मान्यता, अनुदानाचा अर्ज, मंत्रालयांची मान्यता, निमंत्रण, आणि सगळ्यात शेवटी तिकीट. संस्थेच्या खात्यात परदेशातून प्रायोजकत्व येणार असेल तर एफसीआरएची नोंदणी नसताना ते स्वीकारू नका.

तुमचे हक्क

- परिषदा आणि तत्सम शैक्षणिक कामांसाठी यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत एका शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजेची तरतूद आहे. अर्ज लेखी करा आणि नकारही लेखी मागा.
- दोन लेखकांच्या पेपरात प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात. दोनपेक्षा जास्त असतील तर प्रथम किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. काम न केलेल्या वरिष्ठाचे नाव घालण्याचा आग्रह झाला, तर नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.
- नोकरी बदलली म्हणून प्रकल्प बुडत नाही. दोन्ही संस्थांची ना हरकत पत्रे घेऊन तो नव्या संस्थेत नेण्याची विनंती अनुदान देणाऱ्या संस्थेला करता येते. उपकरणाचे काय होणार, हे त्याच पत्रात स्पष्ट करून घ्या.
- अर्ज नाकारला गेला तर परीक्षकांचे अभिप्राय मागा. बरेचदा ते पोर्टलवरच दिसतात. दिसले नाहीत, तर माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे, नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. परीक्षकांची नावे मिळणार नाहीत, ती मागूही नका. ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या प्रस्तावावरील अभिप्राय, नावे वगळून’ असे नेमके लिहा. अभिप्राय हाती आले की पुढच्या फेरीच्या प्रस्तावात प्रत्येक आक्षेपाला वेगळे उत्तर द्या.